आंबवण, स्वच्छता आणि बाटली



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आजवर ज्ञानेश्वरी झाली, अर्थकारण झाले, नभोमंडळ झाले. अशा ठिकाणी बिअर हा विषय घेऊन उभे राहणाऱ्याने प्रथम थोडा खुलासा करावा, हे उचितच आहे.

हा जिल्हा गाडगेबाबांचा. १८७६ साली शेंडगावात त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील दारूपायी गेले आणि मुलाने पुढे आयुष्यभर एका हाती खराटा व दुसऱ्या हाती गाडगे घेऊन दारूविरुद्ध कीर्तने केली. त्याच १८७६ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर या शास्त्रज्ञाचा बिअरच्या अभ्यासावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बिअर नासते ती तिच्या अंगच्या दोषाने नव्हे, बाहेरून शिरलेल्या सूक्ष्म जीवांनी नासते, हे त्या ग्रंथाचे सार. एकाने खराट्याने जे शिकवले तेच दुसऱ्याने सूक्ष्मदर्शकाने दाखवले. आजच्या व्याख्यानाचा दोन तृतीयांश भाग भांडी धुण्याविषयी आहे. तेव्हा बाबांच्या जिल्ह्यात तो अगदीच परका ठरू नये, अशी आमची आशा आहे.

दुसरा खुलासा कायद्याचा. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि घरी केलेली बिअरही त्यातून सुटत नाही. इंग्लंडमध्ये घरगुती बिअरचा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करण्याची मोकळीक मिळाली. वऱ्हाडातली अनेक घरे आज तिकडे नांदत आहेत, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये वीस लिटरचा एखादा डबा बुडबुडे सोडीत असतो, हे मुलांच्या फोनवरून आईबापांना कळते. त्यांना हे ज्ञान लागते. पण ते एवढ्यांनाच लागते असे नाही. लोणचे, आंबील, आसव, सिरका, फळांचे सरबत, मध यांपैकी काहीही जो घरी करतो आणि बाटलीत भरतो, त्याच्यापुढे तीच तीन संकटे उभी राहतात: आंबत नाही, नासते आणि फुटते. बिअर हा केवळ धडा. त्या धड्यावरून बाकीचे आपोआप येते.

आता मूळ गोष्टीकडे वळू. आंबणे म्हणजे काय? साखर खाऊन तिचे मद्यार्क आणि वायू यांत रूपांतर करणारा एक सूक्ष्म जीव आहे. त्याला आपण यीस्ट म्हणतो, संस्कृतात किण्व म्हणत. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात किण्व कसे बांधावे तेही सांगितले आहे. उडदाचा लगदा, तांदूळ आणि काही वनस्पती. इडलीचे पीठ भिजवणाऱ्या गृहिणीला यात नवल वाटणार नाही. मद्याचा सारा कारभार राज्याच्या मुठीत ठेवणाऱ्या त्या कौटिल्यानेही कुटुंबवत्सल माणसाला कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा दिली होती. घरगुती आंबवणाचा प्रश्न किती जुना आहे, हे यावरून दिसेल.

आपल्याकडचे वैद्य आसव-अरिष्टे करताना काय करीत ते पाहा. मातीच्या भांड्याला आतून तूप चोळीत, मग त्याला धूप देत, मगच त्यात काढा ओतीत. आंबवणासाठी धायटीची फुले घालीत. ही धायटी आपल्या मेळघाटात डोंगरउतारावर लाल फुलांनी लदलेली दिसते. भांड्याच्या तोंडाशी पेटती काडी नेत. काडी विझली तर आत वायू निघतो आहे, म्हणजे आंबवण चालू आहे; जळत राहिली तर काम संपले. भांडे शुद्ध करणे, विरजण घालणे आणि संपले की नाही याची परीक्षा करणे, ही तिन्ही सूत्रे त्यांच्याजवळ होती. कारण ठाऊक नव्हते, कृती ठाऊक होती. कारण पाश्चरने सांगितले, आणि १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. तेव्हापासून बिअर हे नशिबाचे काम उरले नाही.

बिअरची कृती थोडक्यात अशी. सातूला मोड आणून ते वाळवतात; त्याला माल्ट म्हणतात. भरडलेले माल्ट कोमट पाण्यात सुमारे ६५ अंशांवर तासभर ठेवले की त्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून तासभर उकळतात आणि उकळताना हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले घालतात. मग ते पाणी लवकर निववून त्यात यीस्ट घालतात. आठपंधरा दिवसांत आंबवण पुरे होते. पुढे थोडी साखर घालून बाटल्या भरायच्या आणि दोन आठवडे ठेवायच्या. इतकेच. पण या इतक्यात नवशिक्याच्या हातून जे बिघडते, त्याचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग स्वच्छतेचा. येथे एक भेद नीट ध्यानात ठेवावा. धुणे वेगळे आणि निर्जंतुक करणे वेगळे. भांडे धुतले म्हणजे डोळ्यांना दिसणारा मळ गेला. निर्जंतुक केले म्हणजे न दिसणारे जीव गेले. पहिले झाल्याशिवाय दुसरे होत नाही. साय लागलेल्या गंजात उकळते पाणी ओतले तर सायीखालचे जंतू सायीच्याच आडोशाने वाचतात. म्हणून प्रथम धुण्याचा सोडा किंवा सोडियम परकार्बोनेट घालून गरम पाण्याने मळ काढावा, खळखळून विसळावे आणि मगच जंतुनाशक वापरावे.

दुसरी गोष्ट. उकळण्यापूर्वीच्या भांड्यांची फारशी काळजी नको, कारण पुढे तासभर उकळायचेच आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी १०० अंशांना न उकळता ९६ अंशांच्या आसपास उकळते. जंतू मारण्यापुरते ते भरपूर आहे. हॉप्सचा कडूपणा उतरायला मात्र थोडा अधिक वेळ द्यावा. खरी जोखीम निवल्यानंतर सुरू होते. निवलेल्या गोड पाण्याला जे जे लागेल, म्हणजे डाव, गाळणी, नळी, डब्याचे झाकण, नळाची तोटी आणि आपला हात, ते सारे निर्जंतुक हवे. बहुतेक नवशिके डबा लखलखीत करतात आणि तोटी विसरतात. तोटी सुटी करून पाहिली तर आत महिन्याभरापूर्वीचा गाळ सापडतो. हीच गत बाटलीच्या तळाची.

कोणते जंतुनाशक? आयोडीनचे द्रावण चालते, ते सांगितलेल्या प्रमाणात दोन मिनिटे लावून निथळू द्यावे. उकळते पाणी काचेला सोसेल अशा बेताने चालते. कपडे धुण्याचे ब्लीचही चालते, पण त्याच्या दोन अटी आहेत. पहिली, उकळून निवलेल्या पाण्याने ते संपूर्ण विसळून काढावे. दुसरी, ब्लीचमध्ये सिरका किंवा कोणतेही आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद मोरीत हा प्रयोग करणारा माणूस दवाखान्यात पोचतो. आणि एकदा निर्जंतुक केलेले भांडे साध्या नळाच्या पाण्याने पुन्हा विसळले, तर मघाचे सारे श्रम त्या पाण्याबरोबर वाहून गेले असे समजावे.

पाण्याविषयीही सांगायला हवे. गावच्या टाकीत टीसीएल पावडर पडते. ती आपल्या आरोग्यासाठी आवश्यकच आहे. पण त्यातला क्लोरीन माल्टच्या काही द्रव्यांशी संयोग पावला की बिअरला दवाखान्याचा, औषधी पट्टीचा वास येतो. नवशिक्याला वाटते जंतू शिरले. तो पुढच्या खेपेस ब्लीच दुप्पट करतो आणि वासही दुप्पट होतो. उपाय सोपा आहे. वापरायचे पाणी आदल्या दिवशी उकळून उघडे ठेवावे.

भांड्यांच्या बाबतीत स्टील उत्तम, खाद्यपदार्थांसाठीचे जाड प्लॅस्टिक चालते. प्लॅस्टिकला तारेची घासणी लावू नये. तिच्या चऱ्यांत जंतू घरे करतात. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये, हे आजीने सांगितलेले येथेही खरे आहे.

दुसरा वर्ग आंबवणाचा. यात पहिली तक्रार ठरलेली: यीस्ट घातले, रात्र गेली, एकही बुडबुडा नाही. याला पहिला उपाय म्हणजे थांबणे. चोवीस ते छत्तीस तास लागू शकतात, गारठ्यात अधिकही. शिवाय बुडबुडे न दिसणे म्हणजे आंबवण नसणे नव्हे. झाकण सैल असले तर वायू कडेने निघून जातो आणि वरची पाण्याची नळी मुकी राहते. झाकण जरा उचलून फेस आला आहे का ते पाहावे. तीन दिवसांनीही फेस नाही, तळाशी गाळ नाही, तर यीस्ट मेलेले आहे असे मानावे. याची कारणे दोनच असतात. एक, पाकीट जुने किंवा उन्हात राहिलेले. दोन, गोड पाणी पुरते निवण्याआधीच यीस्ट टाकलेले. विरजण कडकडीत दुधात घातले तर दही लागत नाही, येथेही तेच. बोट सुखाने टिकेल इतके नव्हे, अंगाला गार लागेल इतके पाणी निववावे. मात्र न आंबलेले गोड पाणी दिवसचे दिवस बंद ठेवू नये. त्यात आम्ल नाही, मद्यार्क नाही, म्हणजे राखणदार कोणीच नाही. नवे यीस्ट ताबडतोब घालावे. चार दिवस उलटले असतील तर ते फेकून द्यावे.

दुसरी तक्रार तापमानाची, आणि ती खास आपल्या मुलखाची आहे. घरगुती बिअरच्या नेहमीच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. आंबताना आतले पाणी खोलीपेक्षा तीनचार अंशांनी तापते, हे अनेकांना ठाऊक नसते. अमरावती-अकोल्याला वैशाखात पारा ४२-४४ वर जातो. तेथे हे काम करणे म्हणजे यीस्टला भट्टीत बसवणे होय. अशा बिअरला केळ्याचा, कधी नखरंग पुसण्याच्या द्रवाचा वास येतो आणि पिणाऱ्याचे डोके धरते. चिखलदऱ्याची हवा खालच्या मैदानापेक्षा चारपाच अंशांनी थंड, तेव्हा फाल्गुनापर्यंत येथे अडचण नाही. उलट पौषात इतकी थंडी पडते की यीस्ट झोपी जाते आणि आंबवण अर्ध्यावर थांबते. तेव्हा डब्याला घोंगडी गुंडाळावी, अलगद हलवून तळचे यीस्ट उठवावे. उन्हाळ्यात खाली मैदानावर घंगाळात पाणी घालून त्यात डबा ठेवावा आणि त्यावर ओले गोणपाट टाकावे. कोरड्या हवेत माठ जसा गार होतो तसा डबा गार होतो. पावसाळ्यात मात्र ही युक्ती चालत नाही, कारण हवा आधीच ओलसर असते. आणि येथील धुक्याच्या दिवसांत ते गोणपाटच बुरशीचे माहेर होते.

तिसरी तक्रार वासाची. सडक्या अंड्याचा वास पहिल्या आठवड्यात आला तर घाबरू नये, वायूबरोबर तो निघून जातो. लोण्याचा वास आला तर यीस्टला आणखी चारपाच दिवस द्यावे. ज्याने तो वास केला तेच यीस्ट पुढे तो गिळते. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे घाईने भरलेली बिअर. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे आंबवण संपल्यावर हवा लागली. ओतताना खळखळाट झाला. येथे एक नियम पाठ करावा: यीस्ट घालण्यापूर्वी हवा हवी, घातल्यानंतर नको. सिरक्याचा वास म्हणजे हवेबरोबर सिरक्याचे जंतू आले. ते परत जात नाहीत. त्या बिअरचा सिरकाच होऊ द्यावा. उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या किंवा हिरव्या बाटलीत हॉप्सवर प्रकाशाचा परिणाम होऊन घाणेरडा वास येतो. म्हणून बिअरची बाटली तपकिरी असते.

पृष्ठभागावर पांढरा पातळ पापुद्रा आला तर तो बहुधा रानटी यीस्टचा किंवा जंतूंचा. तो विषारी नसला तरी चव गेली असे समजावे. हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली तर मात्र चर्चा नको, सारे ओतून द्यावे. वीस लिटर ओतताना जीव हळहळतो. पण नासलेले जपून ठेवण्याची बचत खोटी असते, हे लोणच्याच्या बरणीने आपल्याला केव्हाच शिकवले आहे.

आता आंबवण संपले हे ओळखायचे कसे? वैद्यांची काडी आपण पाहिली. आजचे साधन हायड्रोमीटर. दुधात पाणी किती ते सांगणारे लॅक्टोमीटर डेअरीवर सर्वांनी पाहिले आहे. हे त्याचेच भावंड. शुद्ध पाण्यात ते १.००० दाखवते. साखर असेल तितके ते वर तरंगते. सुरुवातीला १.०४८ असेल आणि शेवटी १.०१२ वर आले तर मधल्या फरकाला १३१ ने गुणावे. उत्तर येते ४.७; तेवढे टक्के मद्यार्क. पण या यंत्राचा मोठा उपयोग टक्केवारी मोजण्याचा नाही. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजावे. आकडा तोच राहिला तर आंबवण संपले. उतरला तर संपले नाही. बुडबुडे थांबले म्हणून बाटली भरणारा माणूस पुढच्या वर्गात सापडतो.

तिसरा वर्ग बाटलीचा. चव बिघडली तर एक डबा जातो. बाटली फुटली तर डोळा जातो. म्हणून येथे थोडा हिशेब करू.

४ ग्रॅम साखर आंबली की सुमारे २ ग्रॅम वायू निघतो, आणि २ ग्रॅम वायू मोकळा केला तर साधारण १ लिटर जागा व्यापतो. म्हणजे लिटरभर बिअरमध्ये ४ ग्रॅम साखर घातली तर लिटरभर वायू त्या बाटलीतच कोंडला जातो. चांगल्या बिअरमध्ये लिटरमागे सुमारे २.४ लिटर वायू असतो. आंबवणानंतर बिअरमध्ये मुळातच ०.८ लिटरच्या आसपास वायू उरलेला असतो. तेव्हा १.६ लिटरची भर घालायची, म्हणजे लिटरमागे ६ ते ६.५ ग्रॅम साखर. वीस लिटरला १२० ते १३० ग्रॅम. ती वाटीने न घेता काट्यावर तोलावी, थोड्या पाण्यात उकळावी, निववावी आणि साऱ्या बिअरमध्ये हलक्या हाताने सारखी मिसळून मग बाटल्या भराव्यात. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर टाकणाऱ्याच्या निम्म्या बाटल्या पाणचट निघतात आणि निम्म्या कारंज्यासारख्या उडतात.

आता समजा आंबवण संपलेले नव्हते आणि लिटरमागे १२ ग्रॅम साखर आत शिल्लक होती. तिचा आणखी ३ लिटर वायू होणार. म्हणजे २.४ च्या जागी ५.४. नेमक्या भरलेल्या बाटलीतसुद्धा मोटारीच्या चाकात असतो जवळपास तितका दाब असतो. येथे तो दुपटीच्या वर गेला. त्यात चिखलदऱ्याच्या गारव्यात भरलेली बाटली पिशवीत घालून कोणी घाट उतरून परतवाड्याच्या उन्हात नेली, तर बाटली २० अंशांवरून ४० अंशांवर जाताना आतला दाब दीडपटीहून वाढतो. काच कोणाचा मुलाहिजा ठेवीत नाही.

म्हणून काही नियम सांगतो, ते वहीत उतरून घ्यावेत. बाटली बिअरची किंवा सोड्याची, वायूचा दाब सोसण्यासाठीच केलेली असावी. सॉसच्या, सरबताच्या, शोभेच्या चौकोनी बाटल्या याला उपयोगी नाहीत. काठ टवकलेली बाटली बाजूला काढावी. वर तीन-चार सेंटिमीटर जागा सोडावी. प्रत्येक खेपेस एक बाटली शीतपेयाच्या प्लॅस्टिकची भरावी. ती दाबून पाहिली की आतली स्थिती बोटांना कळते. ती दगडासारखी टणक झाली की बाकीच्या थंड जागी हलवाव्यात. बाटल्या उघड्यावर मांडू नयेत. झाकण असलेल्या खोक्यात, मुलांच्या वाटेपासून दूर ठेवाव्यात. एक बाटली फुटली तर बाकीच्यांना उघड्या हाताने शिवू नये. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे, वर ओले पोते टाकून त्या थंड कराव्यात आणि मग एकेक उघडावी.

उलट तक्रारही असते: पंधरा दिवस झाले तरी वायूच नाही. तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात. झाकण नीट बसले का, खोली फार थंड आहे का, आणि साखर घातली होती का. शेवटचा प्रश्न ऐकून आपण हसलात, पण कित्येक डब्यांचे रहस्य त्यातच असते. आणि महिनाभर उत्तम लागलेली बिअर तिसऱ्या महिन्यात उसळू लागली, तर ओळखावे की बाटलीत रानटी जंतू होता. यीस्टला न पचणारी साखर तो सावकाश खातो. दोष भरण्याच्या दिवसाचा, शिक्षा तीन महिन्यांनी. स्वच्छतेचा हिशेब असा उशिरा येतो.

मध जमवणाऱ्यांनीही हे ऐकावे. पोळ्यातला पुरता पिकलेला मध नासत नाही, कारण त्यात पाणी फार थोडे असते. पण घाईने काढलेल्या, विसाव्या हिश्शाहून नव्हे तर पाचव्या हिश्शाहून अधिक पाणी असलेल्या मधात यीस्ट जागे होते. तो फसफसतो आणि बाटलीचे बूच उडवतो. गिऱ्हाईक म्हणते भेसळ आहे. भेसळ नसते, उतावीळ असते. ओल्या बाटलीत मध भरला तरी हेच घडते.

आता एक गंभीर गोष्ट सांगून आम्ही समारोपाकडे वळतो. आंबवणे आणि गाळणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. साखर किंवा धान्य नुसते आंबवले तर त्यात मिथेनॉल हे विष नगण्य असते. माणसे मरतात ती गाळलेल्या दारूत कारखान्यातले मिथेनॉल मिसळल्यामुळे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरांहून अधिक माणसे अशा दारूने गेली. त्यांतली बहुतेक हातावर पोट असणारी होती. म्हणून घरी भट्टी लावण्याचा विचार कोणी करू नये. कायदा आडवा येतो हे एक कारण. भट्टीपाशी मद्यार्काची वाफ पेट घेते हे दुसरे. आणि विकत घेतलेल्या बेनामी बाटलीत काय आहे हे डोळ्यांना, जिभेला, नाकाला ओळखता येत नाही, हे तिसरे आणि सर्वांत मोठे.

हे सांगताना आमच्या डोळ्यांसमोर मेळघाटातली कोरकू वस्ती आहे. चैत्रात पहाटे मोहाची फुले टपटपतात आणि बायामुले टोपल्या घेऊन ती वेचतात. वाळलेल्या मोहफुलांत निम्म्याच्या आसपास साखर असते. त्यांना चिकटलेले यीस्ट रानानेच दिलेले असते. कोरकूंच्या जन्ममरणात, पूजेत आणि पंचायतीत मोहाला स्थान आहे. शहरातला माणूस या गोष्टीला अडाणीपणा म्हणतो आणि तोच माणूस पुण्यात २००९ पासून सुरू झालेल्या लघुब्रुअऱ्यांतला प्याला कलेचा नमुना म्हणून कौतुकाने पाहतो. शास्त्र मात्र दोन्हीकडे एकच आहे. २०२१ साली आपल्या सरकारने मोहफुले गोळा करण्यावरची बंधने उठवली. शेजारच्या मध्य प्रदेशाने तर आदिवासी गटांना मोहाचे मद्य परवान्याने तयार करून विकण्याची वाट मोकळी केली आहे. उद्या तशी वाट येथे निघो न निघो. मोहाचे लाडू, मोहाचा पाक, रानातला मध, चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी आणि येथली कॉफी या बाटल्या-बरण्या तर आजच बाजाराला निघू शकतात. बचत गटातल्या बाईने एक बाटली विकली आणि ती गिऱ्हाइकाच्या घरी फसफसली, तर त्या एका बाटलीबरोबर साऱ्या गटाचे नाव जाते. भांडवलदाराला दहा बाटल्या फुटल्या तरी सोसते. तिला एकही सोसत नाही. म्हणून धुण्याचे, तपासण्याचे आणि तोलण्याचे हे ज्ञान तिच्यापर्यंत तिच्या भाषेत पोचणे, हे आम्हांला बिअरच्या चवीपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

दारू प्यावी की न प्यावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय नव्हता. न पिणाऱ्याचे काही बिघडत नाही, आणि ज्याच्या घरात तिने एकदा शिरकाव करून संसार उधळला आहे त्याला आम्ही शास्त्राची गोडी लावायला जाणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की आंबवण ही आपल्या स्वयंपाकघरातली जुनी शक्ती आहे. महालक्ष्म्यांच्या नैवेद्यातली ज्वारीची आंबील तिचीच, विरजणातले दही तिचेच आणि वैद्यांचे दशमूलारिष्टही तिचेच. तिला स्वच्छ भांडे द्यावे, मानवेल तितकी ऊब द्यावी आणि पुरेसा वेळ द्यावा. या तिहींतले काहीही आपण कमी केले तर ती आपल्या मनाप्रमाणे वागत नाही, आणि दोष तिचा नसतो.